लाल-करडा बो टाय: १२ वर्षं वापरून, एकदा उसवून

आधी वस्तू सांगते. बो टाय, हाताने बांधायचा, तयार गाठीचा नव्हे. भडक लाल आणि करड्या रंगाच्या तिरप्या पट्ट्या, एकेक पट्टी करंगळीच्या नखाएवढी रुंद. आत बारीक लेबल: १०० टक्के सिल्क, फक्त ड्रायक्लीन. कोलंबसमध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाच्या आवाराजवळ एक दुकान होतं, तिथून २०१३ च्या एप्रिलमध्ये २८ डॉलरला घेतला, टॅक्स वेगळा. घेतला लेकासाठी, राहिला माझ्याकडे. बॉबिनांच्या शेजारी, श्रीखंडाच्या एका रिकाम्या डब्यात असतो.

१२ वर्षांनी परीक्षण लिहायचं कारण असं. आमच्या मराठी मंडळातल्या एकीचा मुलगा या ऑगस्टमध्ये (२०२५) ओहायो स्टेटला चाललाय. तिने फोन करून विचारलं, "काकू, तुमच्याकडे तो प्रेसिडेंटवाला बो होता ना? तसाच घ्यायचाय, कुठला घेऊ?" पोळी तव्यावर होती, धड सांगता आलं नाही. म्हटलं, लिहूनच टाकते. शिवाय ज्या गृहस्थांमुळे हा प्रकार आमच्या गावात इतका पसरला, ते गॉर्डन जी, ओहायो स्टेटचे जुने अध्यक्ष आणि कायम बो घालणारे, २०२५ च्या ३० जूनला वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या अध्यक्षपदावरून पायउतार झाले. वय ८१. आडनावच 'जी', त्यामुळे नुसतं नाव घेतलं तरी आदर आपोआप लागतो. ही सोय दुसऱ्या कुठल्या अध्यक्षाला नव्हती.

मी शिवणकाम करते. मिरजेत असताना गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज, इथे डब्लिनला आल्यावर (ओहायोतलं डब्लिन, कोलंबसला लागून) ब्लाउज, फॉल-पिको आणि लग्नसराईत आखूड-लांब करायला आलेल्या शेरवान्या. तेव्हा हे सगळं टेलरच्या डोळ्यांनी वाचा. फुटबॉलमधलं (इथलं अमेरिकन, कॉलेजांचं) मला जे कळतं ते शनिवारमुळे. सप्टेंबर ते नोव्हेंबर, मॅचच्या शनिवारी एक गिऱ्हाईक दारात येत नाही, रस्ते ओस पडतात, आणि १ लाखाच्या वर माणसं त्या घोड्याच्या नालासारख्या स्टेडियममध्ये जाऊन बसतात. स्टेडियम १९२२ चं. चार वर्षं आमचा मुलगाही त्यात होता.

कापडापासून सुरुवात करते. लेबल वाचायचं आणि विसरायचं ही माझी जुनी सवय. आतल्या शिवणीच्या मायेतून एक लाल धागा ओढून काढला, चिमट्यात धरला आणि काडी लावली. केस जळल्याचा वास. जळलेलं टोक बोटांत चुरडलं तर भुकटी झाली. म्हणजे रेशीम खरं. पॉलिस्टर असतं तर टोकाला काळा, टणक मणी धरला असता. इथे दुकानदाराला पूर्ण गुण.

बेत मात्र कंजूष. असा कपडा उरेब, म्हणजे कापडाच्या तिरक्या धाग्यात, कापला तर गळ्याशी नीट वळतो, गाठीला गोलाई येते. यात पट्ट्या विणीतच तिरप्या आहेत आणि कापड सरळ बेतलंय, म्हणजे लांबून बघणाऱ्याला उरेब वाटावं. कापड वाचवायची युक्ती. मीही केलीय, गिऱ्हाईक घासाघीस करणारं असलं की. दोन्ही अर्ध्या भागांच्या पट्ट्या मधल्या जोडावर जुळत नाहीत, गव्हाच्या दाण्याएवढा फरक आहे. गाठीत तो लपतो. आत बक्रम (ताठपणासाठीचं अस्तर) घातलंय ते ठीक, फार कडक नाही. मानेमागची मापाची पट्टी आणि हूक उत्तम, १२ वर्षांत हूक वाकला नाही.

आता गाठ. तयार गाठीचा बो आणि हाताने बांधायचा बो यांत काय फरक, असं तिने विचारलं होतं. साधा आहे. हाताने बांधायचा म्हणजे आपली सुरगाठ, बुटाच्या लेसला मारतो ती. एक टोक ओढलं की सुटते. त्यामुळे तो कधीही अगदी सरळ बसत नाही, किंचित कलतोच, आणि ते कलणंच त्याचं सौंदर्य असं इथले शौकीन म्हणतात. जींचा बो फोटोत बघा, कधी डावीकडे झुकलेला, कधी उजवीकडे. वर गोल चष्मा आणि मिस्कील चेहरा. वर्गातला चळवळ्या मुलगा अचानक मुख्याध्यापक झाल्यासारखा.

हे ओहायो स्टेटला दोनदा अध्यक्ष झाले. पहिल्यांदा १९९० ते १९९७, दुसऱ्यांदा २००७ ते २०१३. मध्ये ब्राऊन, मग व्हँडरबिल्ट. त्याआधी वेस्ट व्हर्जिनिया आणि कोलोरॅडो. एवढ्या बदल्या आपल्याकडे तहसीलदाराच्याही होत नाहीत. २००९ मध्ये 'टाइम' साप्ताहिकाने देशातल्या उत्तम कॉलेज-अध्यक्षांच्या यादीत त्यांना पहिला नंबर दिला. मुलांच्या पार्ट्यांना जायचे, सगळ्यांबरोबर फोटो काढायचे. आमच्या चिरंजीवांकडेही तसा एक फोटो आहे, त्यात जींपेक्षा मागचा पिझ्झा स्पष्ट आलाय.

आणि बो वाटायचे. डेटनच्या वर्तमानपत्राने त्यांचे खर्च काढले होते, त्यात बो टाय, बोच्या आकाराची बिस्किटं आणि बिल्ले यांवरच ६४ हजार डॉलर गेल्याचं निघालं. वाचल्याबरोबर मी हिशेब केला. माझ्या २८ डॉलरच्या भावाने सव्वादोन हजारांवर बो झाले. ठोक भावात घेतले असतील तर आणखी.

शेजारी एक आजोबा राहतात. पोस्टातून निवृत्त, पक्के कॅथलिक, आणि वूडी हेज कोच होते तेव्हापासून ओहायो स्टेटचे भक्त. माझं फुटबॉलचं सगळं शिक्षण त्यांच्या अंगणात झालं, ते पानं गोळा करत असताना. त्यांचा जींवरचा राग जुना. १९९२ मध्ये कट्टर वैरी मिशिगनशी सामना १३-१३ बरोबरीत सुटला, आणि जी म्हणाले की हा आमच्या थोर विजयांपैकी एक. इथल्या माणसाला मिशिगनशी बरोबरी म्हणजे काय, तर मुलीकडच्यांनी "कळवतो" म्हणून घरी पाठवल्यासारखं. त्या वेळचे कोच जॉन कूपर मिशिगनपुढे १३ वेळा उभे राहिले आणि जिंकले फक्त दोनदा. आजोबांचं म्हणणं, बरोबरीला विजय म्हणणारा साहेब वर बसला असेल तर कोचला घाम कशाला फुटेल?

मग २००१ मध्ये जिम ट्रेसेल कोच झाले. त्यांचाही एक कपडा होता, बिनबाह्यांचा स्वेटर. अध्यक्षांचा बो आणि कोचचा स्वेटर, या दोन वस्तूंवर कोलंबसच्या दुकानांनी कित्येक दिवाळ्या काढल्या असतील. ट्रेसेलनी २००२ चं राष्ट्रीय विजेतेपद आणलं आणि १० वर्षांत मिशिगनला ९ वेळा हरवलं. लोकांनी त्यांना देव्हाऱ्यात बसवायचंच बाकी ठेवलं होतं.

डिसेंबर २०१० मध्ये कळलं की काही खेळाडूंनी आपली पदकं, जर्सी असल्या वस्तू देऊन टॅटू गोंदवून घेतले, पैसेही घेतले. कॉलेजच्या खेळाडूंना तेव्हा हे चालत नसे. आता हीच मुलं उघडपणे लाखांनी कमावतात, तो भाग वेगळा. ट्रेसेलना हे एप्रिलपासून ठाऊक होतं आणि त्यांनी वर कळवलं नव्हतं. मार्च २०११ मध्ये पत्रकारांनी जींना विचारलं, कोचला काढायचा विचार आहे का? त्यावर हसत म्हणाले, कोचनेच मला काढू नये एवढीच आशा आहे.

गंमत केली. पण गंमत खरी असली की झोंबते. विद्यापीठात मोठं कोण, हे साऱ्या देशाला त्या एका वाक्यात कळलं. मे अखेरीला ट्रेसेलना राजीनामा द्यावाच लागला. (ते नंतर यंगस्टाउन स्टेट विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ च्या फेब्रुवारीत ओहायोचे उपराज्यपाल. स्वेटर नशीबवान.)

आणि आता आजोबांचा खरा राग. इथे थोडं समजावून सांगावं लागेल. मोसम संपल्यावर चांगल्या संघांना 'बोल' नावाचे मोठे सामने मिळतात. नियम मोडले तर त्यावर बंदी येते. २०११ मध्ये ओहायो स्टेटचा संघ रडतखडत होता, ६ जिंकले, ६ हरले. विद्यापीठाने त्याच वर्षी स्वतःहून बंदी घालून घेतली असती तर काय गेलं असतं? एक साधा सामना. घेतली नाही. तो बोल खेळायला मिळाला, तोही हरले. बाहेरून शिक्षा त्याआधीच, डिसेंबरात आली होती, पण ती लागली २०१२ ला. आणि २०१२ मध्ये नवे कोच अर्बन मायर यांनी १२ पैकी १२ सामने जिंकले! अजिंक्य संघ, आणि डिसेंबरात घरी बसून टीव्ही बघतोय. अंतिम सामन्याला कोण गेलं, तर नॉट्र डेम. कॅथलिकांचं विद्यापीठ. अलाबामाने त्यांना ४२-१४ असं धुतलं.

आमचा मुलगा तेव्हा शेवटच्या वर्षाला. १२-०. अजूनही हा आकडा त्याच्यासमोर काढला की जेवणाचं ताट बाजूला सरकतं. मी एकदा म्हणाले, अरे, बोलबंदी खेळाडूंवर कशाला घातली, बोलण्यावर घालायची होती ती अध्यक्षांवर. तो हसला नाही. ह्यांना मात्र ठसका लागला.

कारण बोलण्याचं तर विचारूच नका. नोव्हेंबर २०१० मध्ये छोट्या विद्यापीठांच्या संघांना खिजवताना जी म्हणाले की आम्ही काही 'लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर'शी खेळत नाही. या म्हणजे गरीब म्हाताऱ्यांची सेवा करणाऱ्या कॅथलिक साध्वी. ज्यांना खिजवलं त्यातल्या टेक्सास ख्रिश्चन विद्यापीठाने १ जानेवारीला रोझ बोल जिंकला, आणि आठवड्याभरात कोलंबसच्या रस्त्यांवर फलक लागले, त्या साध्वींच्या नावाने विजेत्यांचं अभिनंदन करणारे. मी गाडीतून बघितला एक. हायवेवर हसू आवरेना. जी नंतर त्या साध्वींच्या आश्रमात जाऊनही आले. माफी मागायला ते कधी लाजले नाहीत, हे त्यांच्या बाजूने लिहायलाच हवं. पोलिश सैन्यावरून एकदा बोलले, माफी मागितली. पुन्हा बोलले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

आता त्या सकाळचं सांगते. ५ मे २०१३, रविवार, पदवीदान. स्टेडियममध्ये, आणि भाषणाला खुद्द ओबामा. सुरक्षेच्या रांगा म्हणून पहाटेच निघायचं होतं. लेक काळा झगा घालून स्वयंपाकघरात उभा, हातात हा बो, आणि फोनवर गाठीचा व्हिडिओ. चार वेळा बांधला, चार वेळा उंदराच्या कानांसारखा झाला. शेवटी म्हणाला, "आई, तूच बांध."

समोरून बांधता येईना. माझा हात मागून बांधायच्या गाठीला सरावलेला, ब्लाउजच्या पाठीच्या, लेंग्याच्या नाडीच्या. मग त्याला खुर्चीवर बसवलं आणि त्याच्या मागे जाऊन, खांद्यावरून हात पुढे घालून, आपल्याच गळ्यात बांधतोय असं समजून बांधला. डावं टोक दोन बोटं लांब ठेवायचं. एकदा आडवं, खालून वर. आखूड टोकाची घडी, त्यावरून लांब टोक खाली सोडायचं, आणि मग त्या मागच्या फटीतून अंगठ्याने दुसरी घडी ढकलायची. ती फट सापडली की जमलं. त्याच्या गळ्याचा घाटा बोटाखाली वर-खाली होत होता. दाढीचा साबण नीट पुसला नव्हता कानामागे, तो पुसला. बो जरा डावीकडे कलला. मी सरळ करायला गेले तर म्हणाला, राहू दे, जींचा पण असाच असतो.

स्टेडियममध्ये आम्ही इतके वर बसलो होतो की व्यासपीठावर ओबामा कोणते आणि जी कोणते, हे पडद्यावर बघून ठरवावं लागलं. तरीसुद्धा जी बोलायला उठले तेव्हा पोरांनी असा गलका केला की मला वाटलं ओबामाच आले. चार वर्षांतलं सगळं माफ होतं त्या दिवशी.

पुरते चार आठवडेही झाले नाहीत. ३० मेला बातमी फुटली. डिसेंबरात विद्यापीठाच्या क्रीडा समितीच्या बैठकीत जी काय काय बोलले होते त्याचं रेकॉर्डिंग बाहेर आलं. नॉट्र डेमला आपल्या गटात (एकमेकांशी खेळणाऱ्या विद्यापीठांच्या लीगमध्ये) का घेतलं नाही, तर त्या कॅथलिकांचा भरवसा धरता येत नाही, आणि त्याला एक कचकचीत विशेषण जोडलेलं. दक्षिणेकडच्या विद्यापीठांना आधी लिहावाचायला शिकू द्या, अशा अर्थाचंही काही. ४ जूनला त्यांनी निवृत्ती जाहीर केली, १ जुलैपासून गेले.

मला वाटलं आजोबा आता पेटणार. एक तर कॅथलिक, त्यात जुना राग. मी कुंपणाशी गेले, काय बोलावं सुचेना. ते टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते. म्हणाले, कॅथलिकांबद्दल म्हणाला त्याचं काही नाही, माझी बायको मला याहून वाईट म्हणते. राग याचा आला की आमच्या जागी नॉट्र डेमला फायनलला बसवायची वेळ ज्याच्या कारभारात आली, तोच वर त्यांना नावं ठेवतो. आणि मग थोडं थांबून, दोरी दातात धरून, म्हणाले की मायरला आणला तोही याच्याच काळात, हे पण खरं.

मायरनी पुढे २०१४ च्या मोसमाचं विजेतेपद आणलं, ओरेगॉनला ४२-२० हरवून. तेव्हा जी वेस्ट व्हर्जिनियात होते. आजोबांनी त्या रात्री त्यांच्या नावाने बिअरचा एक घोट घेतला आणि दुसऱ्या घोटाला पार्किंगवरून शिव्या घातल्या. पार्किंगचं असं की जींच्या काळात विद्यापीठाने गाड्या लावायच्या जागा ५० वर्षांसाठी एका ऑस्ट्रेलियन गुंतवणूक कंपनीला भाड्याने दिल्या, ४८ कोटी ३० लाख डॉलर रोख घेऊन. अर्थशास्त्रवाले म्हणतात व्यवहार हुशारीचा होता. मॅचला जाणाऱ्याला विचारा.

त्यांच्या शेवटच्या वर्षाचा पगार, निरोपाचे आणि साठलेले पैसे धरून, ६० लाख डॉलरच्या वर निघाला, सरकारी विद्यापीठांच्या अध्यक्षांत देशात सगळ्यात जास्त. यावर मी काही बोलत नाही. माझं ब्लाउजचं शिलाईबिल बघून ज्या बायका नाक मुरडतात त्यांना हा आकडा दाखवते, बस.

परत बोकडे. बोकडे म्हणजे बो टायकडे, बोकडाकडे नव्हे.

रंग. इथे वस्तू नापास. पुढल्या एका पावसाळी शनिवारी लेक हा बो घालून मित्रांबरोबर मॅचला गेला. पाऊस धरला तो शेवटपर्यंत. घरी आला तर पांढऱ्या शर्टाची कॉलर गुलाबी, करड्या पट्ट्यांवर लाल उतरलेला, आणि मानेवर डाळिंब पिळल्यासारखा पट्टा. लाल रंग कच्चा! आमच्या आजीची इरकली पहिल्या धुण्यात रंग सोडायची तेव्हा ती मिठाच्या पाण्यात घालायची, तसं मीही घालून पाहिलं. पाणी सरबतासारखं झालं, बो काही सुधारला नाही. दुकानात घेऊन गेले तर काउंटरवरच्या मुलाने लेबलवर बोट ठेवलं: फक्त ड्रायक्लीन. मी म्हटलं, बाबा, पावसाला लेबल वाचता येत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. कोरड्या हवेत हा बो इतका देखणा की नजर हटू नये, आणि थेंब पडला की शेजारच्या कपड्याला डाग. पुढे ते दुकानही बंद झालं.

तेव्हा मी तो उसवला. रागाने नाही, उत्सुकतेने. सगळी शिवण सोडवली, बक्रम बदललं, पट्ट्या त्या गव्हाच्या दाण्याएवढ्या सरकवून मधल्या जोडावर जुळवल्या आणि हाताने बारीक टाके घालून पुन्हा शिवला. लाल उतरलेल्या करड्या पट्ट्या आता जांभळट दिसतात, दिव्याखाली बऱ्या दिसतात. आता तो पाण्यापासून लांब ठेवायचा एवढंच पथ्य.

तुलनेसाठी दुसरा बो. सूनबाई वेस्ट व्हर्जिनियाच्या, मॉर्गनटाउनच्या विद्यापीठात स्पॅनिश शिकलेल्या. लग्नात तिच्या भावाने सोनेरी-निळा बो घातला होता, तिथले रंग ते. जाताना मला देऊन गेला, कारण मी त्याच्या गळ्यातला बो न्याहाळत बसले होते आणि त्याला वाटलं मला हवाय. तयार गाठीचा, मागे हूक. धागा जाळला: काळा मणी. शुद्ध पॉलिस्टर. पण नळाखाली धरला तरी रंगाचा थेंब सुटत नाही. कुठल्याही बाजूला कलत नाही. जीव म्हणाल तर दुकानाच्या पाटीएवढा.

जी तिथे २०१४ पासून होते. तिथल्या खेळप्रेमींचंही असंच खालीवर. २०२३ च्या मे महिन्यात बास्केटबॉलचे कोच बॉब हगिन्स रेडिओवर समलिंगी लोकांबद्दल शिवी बोलले आणि त्यातही कॅथलिक हा शब्द होता. विद्यापीठाने पगारातून १० लाख डॉलर कापले, तीन सामन्यांची बंदी घातली आणि कोचला ठेवलं. पुढच्याच महिन्यात ते दारू पिऊन गाडी चालवताना पकडले गेले आणि राजीनामा दिला. आधीच काढायला हवं होतं असं अर्धे म्हणतात, अर्धे म्हणतात आमचा माणूस घालवला. बरोबर १० वर्षांपूर्वी, त्याच मे महिन्यात, जींचं स्वतःचं रेकॉर्डिंग फुटलं होतं. तो ठराव करताना त्यांच्या मनात काय आलं असेल, हे मला त्यांना विचारायला आवडेल.

त्याच सप्टेंबरात पैशाच्या तुटीपायी २८ अभ्यासक्रम बंद झाले आणि शिकवणाऱ्यांच्या १४३ जागा गेल्या. परकीय भाषांचा विभागच मोडला. सूनबाईंना ज्या बाईंनी स्पॅनिश शिकवलं त्यांना तिने त्या रात्री फोन केला, तासभर बोलत होती, स्पॅनिशमध्ये, मला काही कळलं नाही पण रडणं कळलं. फोन ठेवून म्हणाली, आई, फुटबॉल आहे तसाच आहे. तिचा भाऊ मॅचचं तिकीट अजून दरवर्षी काढतो. बहीण-भाऊ थँक्सगिव्हिंगला एका टेबलावर बसतात आणि जींचा विषय निघाला की सासूबाईंना भाजी वाढायची आठवण होते.

गंमत अशी की याच माणसाने २००३ मध्ये व्हँडरबिल्टला स्वतंत्र क्रीडाविभागच बरखास्त करून तो विद्यार्थी-विभागात मिसळून टाकला होता. खेळाला जागेवर आणणारा अध्यक्ष म्हणून तेव्हा वाहवा झाली होती. आठच वर्षांनी तो कोलंबसमध्ये कोच मला काढणार नाही ना म्हणत होता.

तर निकाल. हाताने बांधायचाच घे, तयार गाठीचा नको. सिल्क हवं असेल तर दुकानातच ओल्या पांढऱ्या रुमालाचं टोक लाल पट्टीवर घासून बघ, कुणी काही म्हणत नाही, म्हटलं तर माझं नाव सांग. रुमाल गुलाबी झाला तर ठेवून दे. उरेब कापलेला मिळाला तर चार डॉलर जास्त दे. माझ्या बोला पाचपैकी तीन: कापड आणि हुकाचे. उसवून शिवल्यावर साडेचार, पण ते अर्थात माझे.

विकत घेण्याआधी माझा बघून जा. गाठही शिकवते, मुलाला घेऊन ये, त्याच्या मागे उभं राहून बांधावी लागते. आजोबाही भेटतील, २०२५ च्या जानेवारीत ओहायो स्टेटने अंतिम सामन्यात नॉट्र डेमला ३४-२३ हरवल्यापासून ते कुणाशीही अर्धा तास बोलतात. फक्त ३० ऑगस्टला येऊ नकोस. १२ वाजता टेक्सासशी मॅच आहे, आणि मी त्या दिवशी मशीनवरचं कापड काढून ठेवते.